खलनायकाची बाजू कोण सांगणार? ‘हार्ट ऑफ आइस’ समजून घेताना

कार्टून म्हटले की आपल्याकडे दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. घरातली मोठी माणसे म्हणतात, “लहान मुलांचा खेळ आहे, बघू द्या.” आणि चळवळीतली मंडळी म्हणतात, “यातून काय मिळणार? त्यापेक्षा एखादे पुस्तक वाचा.” पुस्तक वाचायलाच हवे, त्याबद्दल वाद नाही. पण आपली मुले रोज तास-दोन तास ज्या गोष्टी पाहतात, त्या गोष्टी त्यांना ‘चांगला कोण, वाईट कोण’ हे शिकवत असतात. म्हणून त्यातल्या एका चांगल्या गोष्टीची नीट उकल करून पाहणे हे वेळ फुकट घालवणे नव्हे.

ही गोष्ट आहे ‘बॅटमॅन: द ॲनिमेटेड सिरीज’ या अमेरिकन कार्टून मालिकेतल्या ‘हार्ट ऑफ आइस’ या भागाची. सप्टेंबर १९९२ मध्ये तो अमेरिकेत फॉक्स वाहिनीवर पहिल्यांदा दाखवला गेला. लांबी जेमतेम बावीस मिनिटे. नाव बॅटमॅनचे असले तरी हा भाग खऱ्या अर्थाने खलनायकाचा आहे. त्याचे नाव मिस्टर फ्रीझ. तरुण मुलांसोबत हा भाग पाहिला की शेवटी एक प्रश्न हमखास येतो: “मग यात गुन्हेगार नक्की कोण?”

हा प्रश्न साधा नाही. तो आपल्या रोजच्या कामातला प्रश्न आहे.

विनोदी पात्रापासून सुरुवात

मिस्टर फ्रीझ हे पात्र १९५९ साली बॅटमॅनच्या कॉमिकच्या १२१ व्या अंकात पहिल्यांदा आले. तेव्हा त्याचे नाव ‘मिस्टर झिरो’ होते. बर्फाची बंदूक बनवता बनवता अपघात झालेला, थंडीतच जगू शकणारा आणि हिरे चोरणारा एक चोर, एवढीच त्याची ओळख. तो का चोरी करतो, त्याचे घरदार कुठे, त्याचे काय गेले, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही. खलनायक आहे म्हणजे चोरी करणारच, असा सरळ हिशेब.

१९६० च्या दशकात बॅटमॅनची जी दूरदर्शन मालिका आली, तिने त्याचे नाव ‘मिस्टर फ्रीझ’ केले. जॉर्ज सँडर्स, ओटो प्रेमिंजर आणि एली वॉलक अशा तीन नटांनी ते काम केले. ती मालिकाच विनोदी ढंगाची होती, त्यामुळे फ्रीझही गमतीचा विषय झाला. पुढे कित्येक वर्षे तो दुय्यम दर्जाचा, कुणी फारसा गांभीर्याने न घेतलेला खलनायक राहिला.

१९९२ मध्ये लेखक पॉल डिनी आणि दिग्दर्शक ब्रूस टिम यांनी याच पात्राला एक साधा प्रश्न विचारला: हा माणूस असा का झाला? बर्फ, बंदूक, थंडगार पोशाख हे सगळे तसेच ठेवले. फक्त त्याला भूतकाळ दिला. त्या एका गोष्टीने पात्र इतके बदलले की नंतरच्या कॉमिकनीही हीच कथा स्वीकारली. १९९७ च्या ‘बॅटमॅन अँड रॉबिन’ या चित्रपटात अर्नोल्ड श्वार्झनेगरने केलेल्या फ्रीझच्या मागेही हीच कथा आहे.

यातून पहिली गोष्ट लक्षात घ्यावी. तेहतीस वर्षे हा माणूस फक्त ‘चोर’ होता, कारण त्याला कुणी ‘का’ विचारले नव्हते.

गोष्ट काय आहे?

भाग सुरू होतो तेव्हा एक माणूस काचेच्या गोळ्यात नाचणाऱ्या बाहुलीशी बोलत असतो. गोळ्यात बर्फ पडत असतो. कुणीतरी आपले माणूस हिरावून नेले आहे आणि त्याचा सूड घ्यायचा आहे, एवढे प्रेक्षकाला कळते.

लगेच पुढे बातमी येते. गॉथम शहरात ‘गॉथकॉर्प’ नावाच्या मोठ्या कंपनीच्या ठिकाणांवर एकामागून एक दरोडे पडत आहेत. दरोडेखोराकडे सगळे गोठवणारे शस्त्र आहे. समर ग्लीसन ही पत्रकार ती बातमी देते.

चोरीला गेलेल्या वस्तू जुळवून पाहिल्यावर बॅटमॅनच्या लक्षात येते की यातून गोठवणारी एक मोठी तोफ तयार होते आणि आता एकच भाग बाकी आहे. तो भाग जिथे आहे तिथे तो दबा धरून बसतो. फ्रीझ आणि त्याची माणसे येतात, झटापट होते. या गोंधळात फ्रीझच्या बंदुकीचा मारा त्याच्याच एका माणसाच्या पायांवर बसतो. त्याचे पाय बर्फात गोठतात. बाकीचे साथीदार त्याला उचलून न्यायला बघतात, पण फ्रीझ म्हणतो, राहू दे त्याला. आणि सगळे निघून जातात. मागे राहिलेल्या त्या माणसाला बॅटमॅन आपल्या जागी नेतो आणि उपचार करतो. त्याच रात्री बॅटमॅनला सर्दी होते. ही सर्दी पुढे कामाला येणार आहे.

दुसऱ्या दिवशी बॅटमॅन आपल्या खऱ्या रूपात, म्हणजे उद्योगपती ब्रूस वेन म्हणून, गॉथकॉर्पचा प्रमुख फेरिस बॉयल याला भेटतो. तुमच्यावर राग धरणारा कुणी आहे का, असे विचारतो. बॉयल सांगतो, एक शास्त्रज्ञ होता, परवानगी नसताना कंपनीची यंत्रे वापरून प्रयोग करत होता, मी ते बंद करायला गेलो तेव्हा अपघात झाला आणि तो मेला. गॉथकॉर्प स्वतःला ‘माणसांची कंपनी’ म्हणवते. वेन त्याची आठवण करून देतो, तेव्हा बॉयल ते हसण्यावारी नेतो. नोकरदारांना असे ऐकायला आवडते, धंदा वेगळा, असा त्याचा सूर असतो.

मग बॅटमॅन रात्री कंपनीत शिरतो आणि त्याला एक चित्रफीत सापडते. त्या शास्त्रज्ञाने, डॉ. व्हिक्टरने, आपल्या प्रयोगाची नोंद म्हणून ती काढलेली असते. त्याची पत्नी नोरा बरी न होणाऱ्या आजाराने ग्रासलेली आहे. उपचार सापडेपर्यंत तिला अतिथंड अवस्थेत जपून ठेवायचे, असा त्याचा प्रयत्न आहे. तेवढ्यात बॉयल रखवालदार घेऊन घुसतो आणि यंत्र बंद करायला सांगतो. यंत्र बंद केले तर ती मरेल, असे व्हिक्टर ओरडून सांगतो. कुणी ऐकत नाही. हताश होऊन तो एका रखवालदाराची बंदूक हिसकावून घेतो. बॉयल गोड बोलून त्याला शांत करतो. व्हिक्टर बंदूक खाली करतो. त्याच क्षणी बॉयल त्याला लाथ मारून रसायनांच्या टेबलावर ढकलतो आणि तसाच सोडून निघून जातो.

व्हिक्टर मरत नाही. पण त्याचे शरीर असे होते की गोठणबिंदूच्या वरच्या हवेत तो जगू शकत नाही. तोच मिस्टर फ्रीझ.

ज्या संध्याकाळी शहर बॉयलला मानवतावादी उद्योगपती म्हणून पुरस्कार देत असते, त्याच संध्याकाळी फ्रीझ तोफ घेऊन येतो आणि पाहुण्यांसकट सगळी इमारत गोठवू लागतो. बॅटमॅन तोफ निकामी करतो. फ्रीझ वर चढून बॉयलपर्यंत पोहोचतो आणि त्याला कमरेपर्यंत गोठवतो. शेवटच्या झटापटीत बॅटमॅन सर्दीसाठी म्हाताऱ्या आल्फ्रेडने दिलेल्या गरम सूपचा थर्मास फ्रीझच्या काचेच्या शिरस्त्राणावर फोडतो. उष्णतेने काच तडकते आणि फ्रीझ कोसळतो. जाता जाता बॅटमॅन ती चित्रफीत पत्रकार ग्लीसनच्या हाती देतो आणि अर्धवट गोठलेल्या बॉयलला त्याच्या पुरस्काराचा टोमणा मारून निघून जातो.

शेवटच्या दृश्यात फ्रीझ अर्कमच्या थंड कोठडीत बसलेला आहे. हातात तोच काचेचा गोळा. तो नोराची क्षमा मागतो.

‘अपघात’ हा शब्द

आता मुद्द्यावर येऊ. बॉयलने जे सांगितले त्यात शब्दशः खोटे फार थोडे आहे. प्रयोग विनापरवाना होता, हे खरे. यंत्रे आणि पैसा कंपनीचा होता, हेही खरे. शास्त्रज्ञाने बंदूक उचलली, तेही खरे. गाळले ते एवढेच, की यंत्रात एक जिवंत बाई होती, बंदूक खाली आली होती, आणि लाथ बॉयलने मारली होती.

सत्ता असलेला माणूस नेहमीच धडधडीत खोटे बोलत नाही. बहुतेक वेळा तो खऱ्या गोष्टींमधून हवी तेवढीच निवडतो आणि उरलेल्यावर ‘अपघात’ हा शब्द ठेवतो.

हा शब्द आपल्याला परका नाही. गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवलेला कामगार गुदमरून मरतो, तेव्हा बातमीत ‘अपघात’च लिहिलेले असते. त्याला सुरक्षेची साधने न देता आत उतरवले कुणी, हे त्या शब्दाआड जाते. या कामाला बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला. अशा मृत्यूंसाठी दहा लाख रुपये भरपाई द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले आणि २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. कायदा आणि न्यायालय दोन्ही याला केवळ अपघात मानत नाहीत. तरी शब्द चिकटून राहिला आहे. म्हणून कुणी ‘अपघात झाला’ म्हटले की पुढचा प्रश्न आपण विचारायचा: त्याआधी काय झाले होते?

गॉथमच्या लोकांना काय दिसले?

या भागाची रचना नीट पाहा. प्रेक्षकाला सुरुवातीलाच फ्रीझचे दुःख दिसते. पण गॉथम शहरातल्या लोकांना ते दिसत नाही. त्यांच्यापर्यंत फक्त दरोड्याची बातमी पोहोचते. नोराचे यंत्र बंद झाले त्या दिवशी बातमी झाली नव्हती. कंपनीच्या मालमत्तेला धक्का लागला तेव्हा मात्र लगेच झाली.

समर ग्लीसन वाईट पत्रकार नाही. तिच्या समोर जे आले ते तिने दाखवले, आणि शेवटी चित्रफीतही तिच्याच हाती दिली जाते. अडचण अशी आहे की गोष्ट मधूनच सुरू झाली. जिथून गोष्ट सुरू करू, त्यावर खलनायक ठरतो. दरोड्यापासून सुरू केली तर फ्रीझ खलनायक. यंत्र बंद करण्यापासून सुरू केली तर बॉयल.

वस्तीवर, गावात, कॉलेजात एखादा प्रसंग घडतो आणि आपल्या मुलाचे नाव पुढे येते, तेव्हा आपल्यालाही हेच करावे लागते. गोष्ट मागे न्यावी लागते. मात्र ती मागे नेताना मधली पाने गाळायची नाहीत. आपल्याला अडचणीची असतील ती पानेही ठेवायची. नाहीतर आपण आणि बॉयल यांत फरक राहत नाही.

फ्रीझ कुठे चुकतो?

इथे अनेक तरुण अडखळतात. एवढे सगळे पाहिल्यावर त्यांना वाटते, फ्रीझने केले ते बरोबरच केले. त्याला दुसरा मार्ग होता कुठे?

उत्तर त्या गोठलेल्या साथीदारात आहे. सूपची गंमत आणि तोफेचा धडाका यांत हा प्रसंग विसरला जातो, पण माझ्या मते सगळ्या भागाचा कणा तोच आहे. बॉयलने व्हिक्टरला रसायनांत पडलेला सोडून दिले, कारण त्याच्या दृष्टीने कामाचा हिशेब संपला होता. फ्रीझने आपल्या माणसाला पाय गोठलेल्या अवस्थेत सोडून दिले, कारण त्याच्याही दृष्टीने कामाचा हिशेब संपला होता. दोघांच्या वागण्यात काहीच फरक नाही. फ्रीझ बॉयलवर सूड घ्यायला निघाला आणि वाटेतच बॉयल झाला.

पुढे तर तो पाहुण्यांनी भरलेली अख्खी इमारत गोठवायला निघतो. त्या पाहुण्यांतल्या कुणीही नोराचे यंत्र बंद केलेले नव्हते.

वैर माणसाचे काय करते, याविषयी विहारात आपण पुष्कळ ऐकलेले असते. इथे ते चित्रात दिसते. फ्रीझचा राग खोटा नाही. त्याचे कारणही खोटे नाही. पण राग जेव्हा एकमेव इंधन उरतो, तेव्हा आपली माणसेही सरपण वाटू लागतात. ज्या संघटनेत कार्यकर्ता जखमी झाला, तुरुंगात गेला, आजारी पडला की त्याच्या घरी कुणी फिरकत नाही, त्या संघटनेने हा प्रसंग दोनदा पाहावा. अन्यायाविरुद्ध लढणे ही एक गोष्ट. लढताना आपल्या माणसाला कसे वागवतो ही दुसरी. दुसरी नापास झाली तर पहिलीचा अर्थ उरत नाही.

आणि बॅटमॅन काय करतो? तो शत्रूच्या माणसाला उचलून नेतो आणि बरे करतो. नायक आणि खलनायक यांतला फरक या भागात मुखवट्याने ठरत नाही, ताकदीनेही ठरत नाही. पडलेल्या माणसाचे काय केले, यावरून तो ठरतो.

कारण समजणे म्हणजे माफी नव्हे

आपल्या चर्चांमध्ये दोन टोके नेहमी दिसतात. एक गट म्हणतो, त्याने गुन्हा केला, कारणे सांगू नका. दुसरा म्हणतो, त्याच्यावर अन्याय झाला, मग त्याचा गुन्हा काढू नका. हा भाग दोन्ही टोके नाकारतो. फ्रीझची कहाणी कळल्यावर बॅटमॅनला वाईट वाटते, तरी तो त्याला थांबवतो. थांबवतो, तरी त्याच्यावर अन्याय करणाऱ्याला मोकळा सोडत नाही.

कारण शोधायचे ते पुढचा व्हिक्टर फ्रीझ होऊ नये म्हणून. दोष वाटून घ्यायचा तो ज्याचा जेवढा तेवढा. ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दोन्ही करावी लागतात.

बॉयलला काय नडले?

तोफेने बॉयलला कमरेपर्यंत गोठवले. पण त्याची मानवतावादी म्हणून असलेली प्रतिष्ठा मोडणारी वस्तू वेगळी होती: चित्रफीत. फ्रीझ जिंकला असता आणि बॉयल मेला असता, तर दुसऱ्या दिवशी शहरात काय छापून आले असते? दानशूर उद्योगपतीची निर्घृण हत्या. पुरस्कार मरणोत्तर झाला असता, कदाचित पुतळाही उभा राहिला असता. सुडाने बॉयलला हुतात्मा केले असते. पुराव्याने त्याला उघडे पाडले.

आणि हा पुरावा आला कुठून? व्हिक्टरने स्वतःच प्रयोगाची शिस्तीने नोंद ठेवली होती म्हणून. त्याने ती कुणाला अडकवायला ठेवली नव्हती, कामाची सवय म्हणून ठेवली होती. ज्या क्षणी त्याचे सगळे गेले, त्या क्षणाची साक्ष त्याच्या सवयीने जपली.

हा धडा प्रत्येक तरुण कार्यकर्त्याने घ्यावा. अर्ज दिला की पोच घ्या. फोनवर बोलणे झाले की तारीख, वेळ, नाव वहीत लिहा. घटनास्थळाचे फोटो लगेच काढा आणि एकापेक्षा जास्त ठिकाणी ठेवा. वैद्यकीय कागद, एफआयआरची प्रत, साक्षीदारांचे जबाब एका फाइलमध्ये लावा. घोषणेने गर्दी जमते, पण खटला कागदावर उभा राहतो.

या भागाच्या मर्यादा

चांगली गोष्ट आहे म्हणून डोळे मिटून स्वीकारायची नाही. दोन मोठ्या उणिवा सांगायलाच हव्यात.

पहिली, नोरा. सगळी गोष्ट तिच्यामुळे घडते आणि तिला एक शब्दही बोलायला मिळत नाही. ती यंत्रात झोपलेली आहे, नाहीतर काचेच्या गोळ्यात नाचणारी बाहुली आहे. आपल्याला अशा रीतीने जपून ठेवावे का, नवऱ्याने सूड घ्यावा का, हे तिला कुणी विचारत नाही. लेखकांनी खलनायकाला मन दिले, पण त्याच्या पत्नीला दिले नाही. स्त्रीचे दुःख हे पुरुषाच्या कथेचे निमित्त म्हणून वापरण्याची ही सवय जुनी आहे, आणि ती फक्त अमेरिकन कार्टूनमध्येच आहे असे नाही. पुढे २०१२ मध्ये स्कॉट स्नायडर आणि जेम्स टायनियन यांनी कॉमिकमध्ये ही कहाणीच उलटवली. त्यात नोरा त्याची पत्नी नसतेच. व्हिक्टरने एका अनोळखी, गोठवलेल्या बाईभोवती स्वतःच्या मनाने संसार रचलेला असतो. अनेक वाचकांना तो बदल आवडला नाही. पण ‘तिचे मत काय?’ हा प्रश्न त्यामुळे टोकदार झाला, हे मान्य करावे लागते.

दुसरी, न्याय कुणाच्या हातून मिळतो? बॅटमॅन म्हणजे ब्रूस वेन, स्वतः अब्जाधीश. बॉयलच्या केबिनमध्ये तो सरळ जाऊन बसू शकतो आणि बॉयल त्याच्याशी बरोबरीच्या नात्याने मोकळेपणी बोलतो. गॉथकॉर्पमधल्या एखाद्या कामगाराला ती खुर्ची कधी मिळाली असती का? प्रयोगशाळेत त्या रात्री रखवालदार हजर होते. त्यांनी सगळे पाहिले होते. त्यांच्यापैकी कुणी पुढे आला नाही. नोकरीची भीती असेल, दुसरेही काही असेल, गोष्ट त्यात शिरत नाही. कामगारांची संघटना, न्यायालय, सहकाऱ्यांची साक्ष यांतले काहीच या शहरात दिसत नाही. एक श्रीमंत माणूस मुखवटा घालून येतो म्हणून सत्य बाहेर येते. आपल्याकडे असा कुणी येणार नाही, आणि येण्याची वाटही पाहू नये.

कारागिरीविषयी थोडेसे

या मालिकेची चित्रे वेगळी का दिसतात, असे मुले विचारतात. कलावंत एरिक रॅडोम्स्की यांनी पार्श्वभूमी पांढऱ्याऐवजी काळ्या कागदावर रंगवायची पद्धत आणली. त्यामुळे अंधार मुळातच असतो, उजेड तेवढा काढावा लागतो. फ्रीझचे रूप माइक मिग्नोला या चित्रकाराच्या रेखाटनावरून घडले. त्याला आवाज दिला मायकल अन्सारा या नटाने. तो आवाज मुद्दाम सपाट, कोरडा ठेवलेला आहे. फ्रीझ कधी आरडाओरडा करत नाही, म्हणून शेवटची क्षमायाचना काळजाला भिडते. बॉयलचा आवाज मार्क हॅमिल यांचा आहे. पुढे याच मालिकेत तेच जोकरचा आवाज झाले. चित्रे हलती करण्याचे बरेचसे काम त्या काळी जपान आणि कोरियातल्या स्टुडिओंनी केले. मालिकेला १९९३ मध्ये लेखनासाठी डेटाइम एमी पुरस्कार मिळाला, आणि तिच्या उत्तम लेखनाचे उदाहरण म्हणून आजही पहिले नाव याच भागाचे घेतले जाते.

एकत्र पाहताना

वाचनालयात, अभ्यासवर्गात किंवा घरी चार मुले जमली असतील तर हा भाग जरूर एकत्र पाहा. आधी काही सांगू नका. पाहून झाल्यावर पुढचे प्रश्न चर्चेला घ्या:

१. बॉयलने वेनला जे सांगितले त्यात खरे किती, गाळलेले किती?
२. व्हिक्टरने कंपनीची परवानगी न घेता प्रयोग केला. तो त्याचा दोष मानायचा का? मानला तर केवढा?
३. रखवालदारांपैकी एक तुम्ही असता तर दुसऱ्या दिवशी काय केले असते?
४. पाय गोठलेल्या साथीदाराने बरा झाल्यावर पुन्हा फ्रीझकडे जावे का?
५. ही गोष्ट नोराने सांगितली असती तर ती कुठून सुरू केली असती?

तिसऱ्या प्रश्नावर सगळ्यात जास्त वेळ द्या. आपल्यापैकी फार थोडे जण कधी बॉयल होतील किंवा फ्रीझ होतील. बॅटमॅन तर कुणीच होणार नाही. पण भिंतीला टेकून उभा राहून सगळे पाहणारा रखवालदार होण्याची वेळ प्रत्येकावर येते, ऑफिसात, कॉलेजात, गावच्या चौकात. त्या रात्री त्यांच्यातला एक जरी दुसऱ्या दिवशी बोलला असता, तर व्हिक्टरला तोफ बांधायची गरज पडली नसती.